मागचं डावं चाक

१२ एप्रिल, शनिवार

कळंबोलीला ट्रक भरून झाला. लोखंडी सळई, महाडला पोचवायची. कुंदन संध्याकाळी गाडी घेऊन दारात आला आणि आल्या आल्या कुरकुर सुरू केली. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक चेंबर, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक आवळणारा डबा, हवा सोडतोय म्हणे. मी खाली वाकून कान लावला. खरंच फुसफुसत होता, आतला पडदा फाटला असणार. नवा चेंबर टाकायचा तर दुकान उघडं हवं. आमचा दुकानदार शनिवारी अंधार पडायच्या आत शटर ओढून घर गाठतो, आणि उद्या रविवार. माल उद्या दुपारपर्यंत पोचवायचा शब्द दिला आहे.

मग आजवर गाडी चालवताना जे करत आलो तेच केलं. त्या चाकाकडे जाणारा हवेचा पाईप सोडवला, तोंडात बोल्ट ठोकला, वरून क्लिप आवळली. एक चाक ब्रेकशिवाय फिरेल, बाकीच्यांना हवा पुरते. हायवेवर कोणालाही विचारा, हेच करतात. मी एकदा असाच हुबळीला जाऊन आलो आहे.

कुंदन बाजूला बॅटरी धरून उभा होता. म्हणाला, "बाबा, मना बरा नाय वाटत. सोमवारी चेंबर टाकू नि मंग निघू."

म्हटलं, "तुज्या वयात मी दोन चाकांचे ब्रेक असे बांधून खंबाटकीचा घाट उतरलोय. ड्रायव्हर हायस का बायकोच्या पदराला बांधलेला हायस?" विनिता ओट्यापाशी पोळ्या करत होती. सुनेला हसू आलं नाही. माझी बायको मैना आतून म्हणाली, "पोरगा सांगतोय तं ऐकावा कंदीतरी." या घरात माझ्याविरुद्ध निवडणूक घेतली तर माझं डिपॉझिट जप्त होईल.

पण पोरगा गुणी. एकदा सांगितलं की पुन्हा उलट बोलत नाही. पहाटे निघतो म्हणाला.

१३ एप्रिल, रविवार



कर्नाळ्याची खिंड उतरताना गाडी कुंदनच्या हातातून गेली. खाली रस्त्याकडेला दोघी मायलेकी ताडगोळे विकायला बसतात. त्यातली लेक जागच्या जागी गेली. रेवा तिचं नाव. लग्न ठरायचं वय. गाडी पुढे झाडाला टेकून थांबली. कुंदनच्या कपाळाला खोक पडली आहे, बाकी अंगाने धड आहे. देवाचे आभार मानायला गेलो आणि हात जोडता जोडता थांबलो. कोणाचे आणि कशाबद्दल मानणार?

हवालदाराचा फोन आला होता. "मालक तुम्हीच ना? क्रेन मिळायला रात्र होईल. गाडी रस्त्यातून काढा आणि चौकीला आणून लावा." मी आधी दुकानदाराच्या घरी गेलो. बिचारा जेवून आडवा झाला होता. कारण ऐकल्यावर तसाच बनियनवर आला, शटर उघडून नवा चेंबर काढून दिला. फिटरला घेऊन कर्नाळा गाठलं. पाईप मोकळा लोंबत होता. बोल्ट त्या धक्क्यात कुठे उडाला कोण जाणे. नवा चेंबर बसवला, हवा भरू दिली, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहिला, मगच गाडी हलवली. फिटर म्हणत होता, "शेठ, चौकी तर इथंच आहे, तशीच हळूहळू घेऊ." मी म्हटलं, नाही. ब्रेकात खोट असलेली गाडी मी रस्त्यावर काढणार नाही. एक जीव गेला तेवढा पुरे.

आजच्या दिवसात एवढं एकच काम माझ्या हातून नीट झालं.

कुंदनला चौकीत बाकावर बसवलं होतं. माझ्याशी एकच वाक्य बोलला. "ब्रेक लागलाच नाय, बाबा." घाबरलेला ड्रायव्हर हेच म्हणतो. असं लिहू नये, पण मनात आलं ते लिहिलं.

१५ एप्रिल

झिराडकर वकिलांनी जामीन करून दिला. जुन्या पनवेलमधले सॉल झिराडकर, बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांचे पणजोबा तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. पणतू शनिवारी ऑफिस बंद ठेवतो. बाकीचे सहा दिवस मात्र माणूस नेमकं बोलतो, एक शब्द जास्त नाही.

कुंदन घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. विनिता उशाशी बसून राहिली.

१८ एप्रिल

आरटीओचे साहेब गाडी तपासून गेले. चौकीत लेखनिकाने रिपोर्ट वाचून दाखवला. ब्रेक उत्तम, सगळी चाकं धरतात, गाडीत कोणताही दोष नाही. जीव भांड्यात पडला. आपल्या गाडीला कोणी नाव ठेवलं असतं तर मला सहन झालं नसतं. घरी येऊन मोठ्याने सांगितलं. मैनाने देवापुढे साखर ठेवली. कुंदन उठून बाहेर गेला. मला वाटलं होतं, त्यालाही बरं वाटेल.

२९ एप्रिल

आज जे झालं ते लिहायचीही लाज वाटते.

वकिलांनी दोघांना बोलावलं होतं. म्हणाले, "काशिरामशेठ, नीट ऐका. कुंदनने चौकीत सांगितलंय की ब्रेक लागला नाही. रिपोर्ट म्हणतो ब्रेक उत्तम. कोर्ट विचारणार, खरं काय? ब्रेक अचानक गेला, आधी कळण्यासारखा नव्हता, मालकाने काळजी घेतली होती, असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. पण ब्रेकात खोट आहे हे आधी माहीत होतं आणि तरी गाडी बाहेर काढली, असं निघालं तर बोट मालकाकडे वळतं. त्यात तपासणीच्या आधी कोणी काही दुरुस्त केलं असेल तर पुरावा नाहीसा केला, हेही आलं. तर मला आता सांगा, गाडीत आधी काही होतं?"

मी ताडकन म्हटलं, "कायपन नव्हता. गाडी फर्स्ट क्लास." आणि तेच खरं आहे. एक चाक बांधणं म्हणजे ब्रेक नसणं नव्हे. नवा चेंबर टाकला ते तर भल्यासाठीच. वकिलांना ट्रकमधलं काय कळणार, उगाच शब्दात पकडतील, म्हणून ते बोललो नाही.

वकिलांनी कुंदनकडे पाहिलं. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मग म्हणाला, "साहेब, ब्रेक लागला होता. मी मोबाइल बघत होतो. माजीच चूक हाय. चौकीत घाबरून खोटा बोललो."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "विचार करून बोल कुंदन."

"केलाय," तो म्हणाला.

रिक्षात मी त्याच्या शेजारी बसलो नाही, पुढे ड्रायव्हरजवळ बसलो. मोबाइल! एका बाईची तरणीताठी लेक गेली आणि हा मोबाइल बघत होता. अख्खं आयुष्य स्टिअरिंगवर काढलं, माझ्या हातून कधी कोंबडी चिरडली नाही. आणि माझ्याच पोटी हे.

४ मे

मैना म्हणते, "मोबाइल बघनारा पोरगा हाय का त्यो? गाडीत बसला का फोन पिशवीत टाकतो. मी फोन करते तं उचलत बी नाय." आईचं काळीज. आपला तो बाब्या. मी तिला म्हटलं, त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, आणखी काय पाहिजे?

२२ जून

आमच्या गावात, विचुंब्यात, कोणीही भेटलं की विचारतं, काय झालं? मी लपवत नाही. सरळ सांगतो, गाडी चांगली होती, पोराचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. लपवलं तर लोक गाडीला दोष देतील, मालकाला देतील. आज विनिता जेवण वाढताना म्हणाली, "बाबा, गावात थोडं कमी बोला." मी ताट सरकवून उठलो. खरं बोलायला मी कोणाच्या बापाला भीत नाही. नंतर कुंदनच ताट झाकून माझ्या खोलीत ठेवून गेला. मी कड बदलली.

९ ऑगस्ट

गाडी कधीच सोडवून आणली, नवा ड्रायव्हर ठेवला. हल्ली रोज सकाळी मीच खाली बसून एकेक चाक तपासतो. परवा उजव्या बाजूला जरा आवाज आला तर गाडी तिथेच उभी केली, खेप रद्द. ड्रायव्हर हसून म्हणतो, "शेठ, एक पाईप बांधून टाकू, काय होतंय?" मी त्याच्या अंगावर असा काही ओरडलो की शेजारी बाहेर आले. एवढा राग का आला, मलाच कळलं नाही.

कुंदनशी बोलणं बंद आहे ते बंदच. तो एका गोदामात कामाला जातो, येतो. सकाळी माझ्या बीपीच्या गोळीजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असतो. मैना ठेवते असं मी धरून चाललो होतो. ती म्हणते, मी नाही.

८ नोव्हेंबर

दिवाळी झाली, पण घरात गोड शिजलं नाही. आमच्याकडे ज्याच्या हातून जीव जातो त्या घराने मेलेल्याच्या दारात जाऊन बसायचं असतं. शिव्या देवोत, दगड मारोत, बसायचं. तेव्हा पोलीस म्हणाले जाऊ नका, म्हणून राहिलं. मैनाने चार महिने माझं डोकं खाल्लं. आज गेलो. ती, मी, आणि एक नारळ.

रेवाच्या आईचं नाव कमळाबाई. घर कर्नाळ्याच्या पायथ्याशी, दोन खोल्यांचं. तिने ओळखलं. ना शिवी, ना दगड. पाणी दिलं आणि उंबऱ्यावर बसली. मी हात जोडले. म्हटलं, "बाय, माज्या पोराचं चुकला. मोबाइल बघत होता. मी त्याला माफ नाय केला, तू बी नको करू."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कोन सांगला तुमाला?" म्हणाली. "अर्ध्या खिंडीपासून हॉर्न वाजवत आला त्यो. हात बाहेर काढून वरडत होता, 'बाजूला व्हा, बाजूला व्हा.' त्याचा तोंड मना अजून दिसतंय. मी उठली, पलाली. रेवा टोपली उचलाया वाकली." मग म्हणाली, "टोपली कशाला उचलाया गेली ती? ताडगोलं काय, परत निघालं असतं."

मैनाने तिला जवळ घेतलं. दोघी रडल्या. मी हातातल्या पेल्याकडे बघत होतो. पेला तसाच खाली ठेवला.

मोबाइल बघणारा माणूस अर्ध्या खिंडीपासून हॉर्न वाजवत येत नाही. उतारावर पाय दाबला असणार, माझा बोल्ट त्या हवेच्या जोराने उडाला असणार, मागची सगळी हवा निघून गेली असणार. एवढी सळई पुढच्या दोन चाकांवर कशी थांबेल? हे मला कळत नव्हतं असं नाही. सबंध जन्म ट्रकखाली काढला. पाईप लोंबताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि मी काय समजून घेतलं, तर धक्क्याने बोल्ट उडाला.

रेवाला मी मारलं. आणि पोराला गावभर मोबाइलवाला करून फिरलो.

येताना मैना माझ्याकडे न बघता पुढे चालत राहिली. तिलाही कळलं असावं. किंवा तिला आधीपासूनच माहीत होतं.

९ नोव्हेंबर

पहाटे जागा होतो. कुंदन आला, तांब्या ठेवला, गोळी बाहेर काढून ठेवली. मी डोळे मिटून पडून राहिलो. हाक मारायची होती. इतके महिने ज्याला हाक मारली नाही त्याला आता कुठल्या तोंडाने मारू? तो गेला.

११ नोव्हेंबर

एकटाच वकिलांकडे गेलो. सगळं सांगितलं. बोल्ट, क्लिप, रविवारी उघडलेलं दुकान, सगळं. झिराडकरांना फार नवल वाटलेलं दिसलं नाही.

म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी फर्स्ट क्लास म्हणालात तेव्हा मी कुंदनचा चेहरा पाहिला होता. पण अशील जे सांगतो त्याच्यापलीकडे मला जाता येत नाही. अठरा तारखेला तो गुन्हा कबूल करणार आहे. मी त्याला दोनदा परत पाठवलं. तो ऐकत नाही. म्हणतो, बाबांना आत टाकलं तर चार दिवस टिकायचे नाहीत."

विचारलं, मी खरं सांगितलं तर तो सुटेल?

"पूर्ण सुटेल असं मी लिहून देणार नाही. बोल्ट मारलाय हे त्यालाही माहीत होतं, आणि गाडी त्याने चालवली. पण त्याचा भार हलका होईल. तुमच्यावर येईल." मग म्हणाले, "सांगायचं असेल तर त्याने कबूल करायच्या आधी सांगा. नंतर फार अवघड होऊन बसतं. आणि ते तुम्ही सांगायचं, काशिरामशेठ. मी नाही."

निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ठरवलं आहे. घरात कोणाला सांगणार नाही, नाहीतर कुंदन मला कोर्टात येऊ देणार नाही. वाक्य पाठ केलंय. साहेब, ब्रेक मी बांधला होता. एवढंच.

१८ नोव्हेंबर

कोर्टात गर्दी होती. आमचा पुकारा जेवणाच्या सुट्टीआधी झाला. न्यायाधीश बाई आहेत, वयाने विनितापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

तेवढ्यात मी उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं. "आपण कोण?"

"गाडीचा मालक. याचा बाप."

"काही सांगायचं आहे?"

कुंदन वळला. इतक्या महिन्यांनी त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्याला कळलं, मी का उभा आहे ते. त्याने मान हलवली. अगदी थोडी, दुसऱ्या कोणाला दिसलीही नसेल. लहानपणी इंजेक्शन घ्यायच्या वेळी अशीच हलवायचा, नको म्हणून. वाक्य माझ्या तोंडात होतं. जिभेवर होतं. मागे शिपाई उभा होता, त्याच्या पट्ट्याकडे माझं लक्ष गेलं. आत नेतात तेव्हा तोच दार लावतो.

मी म्हणालो, "साहेब, पोरगा चांगला हाय."

बाई म्हणाल्या, "बसा."

मी बसलो.

कुंदन म्हणाला, "कबूल आहे." कोणी दबाव आणला का, विचारलं. नाही म्हणाला. दीड वर्षाची शिक्षा झाली. पोलिसांच्या गाडीत बसवताना विनिताने त्याच्या हातात स्वेटर दिला.

भीतीने बसलो की त्याचं ऐकून बसलो, हे मी स्वतःला दिवसभर विचारतोय. त्याचं ऐकून बसलो असं म्हणायला बरं वाटतं. पण त्याचं ऐकायचं होतं तर ते एप्रिलमध्ये ऐकायचं होतं.

१९ नोव्हेंबर

माणसं भेटायला येऊन गेली. सगळ्यांचं एकच पालुपद. काशिरामदादा, तुम्ही आयुष्यभर सरळ चाललात, पोराने म्हातारपणी खाली बघायला लावलं. मी ऐकून घेतलं. चहा प्यायलो. एकाच्याही तोंडावर खरं काय ते सांगितलं नाही.

सगळे गेल्यावर विनिता कपबश्या उचलत होती. म्हणाली, "तुम्ही उभे राहिलात तेव्हा मला वाटलं..." वाक्य तिने पुरं केलं नाही. आत जाऊन पुन्हा बाहेर आली. "बाबा, भेटायला जाल तेव्हा एवढं तरी सांगा, तुम्हाला कळलंय म्हणून. ते कोर्टातून गेले तेव्हा विचारत होते, बाबांचा राग गेला का?"

मी पोरीपुढे रडलो. ती उभी राहिली, जवळ आली नाही. येऊही नये.

६ डिसेंबर

तळोज्याच्या जेलला जाऊन आलो. आधी झडती, मग रांग, मग एक लांब खोली. मध्ये जाळी. जाळीच्या अलीकडे आमच्यासारखे सगळे, पलीकडे त्यांची माणसं, आणि जो तो ओरडतोय, कारण ओरडल्याशिवाय समोरच्याला ऐकू जात नाही. एक बाई नवऱ्याला मुलाचे मार्क सांगत होती. एक म्हातारा नुसता नाव घेत होता.

कुंदन आला. वाळलाय. स्वेटर घातला होता. मैनाचं विचारलं, विनिताचं विचारलं, माझी गोळी विचारली. आज तरी तोंड उघडायचं असं ठरवून गेलो होतो. जाळीला तोंड लावलं आणि ओरडलो, "कुंदन, मना समजला. मोबाइल नव्हता. ब्रेक मी बांधला होता. तू सांगत होतास, मी ऐकला नाय. मना सगला समजला रं बाला."

त्याने आधी टोकाला उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचे डोळे भरले होते, पण तोंडावर हसू होतं, लहान पोराला समजावताना असतं तसं. तो जाळीच्या अगदी जवळ आला.

"बाबा," तो म्हणाला, "हलू बोला. कोनी ऐकंल."

आजूबाजूला सगळी खोली ओरडत होती. मी आवाज खाली केला.